मायनस तीसची पेटी : उद्यमबागेतल्या नोंदी

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार

खानापूरकडचे ठेकेदार सकाळीच बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडवर आले. लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर त्यांची मशिनं आहेत. यंदा हिवाळ्यातही चार माणसं द्रासच्या बाजूला ठेवणार, बर्फ काढायच्या मशिनांच्या डागडुजीला. त्यासाठी छोटा ट्रक घेतलाय, १२ व्होल्टचा. मागं केबिन बांधून घेतलीय. त्यात ग्राइंडर, लॅपटॉप, दिवे आणि डिझेलवर चालणारा हीटर. मागच्या साली त्यांची दुसरी गाडी सकाळी सेल्फच घेईना. रोज दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू करायचे. एक दिवस तीही बसली.

"मेस्त्री, दोन मोठ्या बॅटऱ्या घाला की. पैशाचं बघू नका."

पैशाचं बघू नका म्हणणारं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, त्यामुळं लगेच नाही म्हटलं नाही. दोन दिवस मागितले. बेळगावात डिसेंबरात पारा १३-१४ वर आला की आम्ही कानटोप्या काढतो. मायनस वीसचं काम आजवर या हातानं केलेलं नाही.

२३ ऑगस्ट

दोन दिवस वाचन आणि हिशेब. निघालं ते असं.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी मायनस १८ ला गेली की सेल्फ फिरवायची ताकद उन्हाळ्याच्या मानानं जेमतेम ४० टक्के उरते. त्याच वेळी इंजिनातलं ऑईल काकवीसारखं झालेलं असतं, म्हणजे सेल्फला दुपटीहून जास्त जोर लागतो. बॅटरीवर छापलेला सी.सी.ए.चा (थंडीत सेल्फ फिरवायच्या करंटचा) आकडा मायनस १८ लाच मोजलेला असतो: ३० सेकंद तेवढा करंट ओढायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. इतकी वर्षं बॅटऱ्या विकतोय, पण तो आकडा आपल्याकडं कुणी बघत नाही. आपण आह (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते ते) बघतो आणि वॉरंटी बघतो.

दोन बॅटऱ्या घातल्या तर सेल्फ फिरेल, पहिले आठ दिवस. खरी गोम चार्जिंगमध्ये आहे. थंड बॅटरी चार्ज घेतच नाही. तिला भरायला व्होल्टेज जास्त लागतं, सहा सेल धरून एका अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट. २५ अंशाला १४.२ लागत असेल तर मायनस २० ला १५.३ च्या आसपास. आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर स्वतःचं तापमान बघतो, बॅटरीचं नाही. तो बसलाय इंजिनाला चिकटून. अर्ध्या तासात गरम होतो आणि उन्हाळा आलाय असं समजून व्होल्टेज उलट कमी करतो. बॅटरी तिकडं बर्फात उपाशी.

मग उपाशी बॅटरीचं पाणी होतं. फुल चार्ज अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानानं जडपणा) १.२६५ च्या वर असते, ते मायनस ५० लाही गोठत नाही. डिस्चार्ज होऊन १.१२ वर आलं की मायनस १० ला गोठतं. मागच्या साली त्यांची बॅटरी फुगून फुटली होती म्हणे. ती अशीच गेली असणार.

दोन उपाशी बॅटऱ्या नकोत. एकच असू दे, पण उबदार.

२६ ऑगस्ट

शेजारचे सुभेदार काका संध्याकाळी चहाला. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त, वर दोन हिवाळे काढलेले. त्यांना कागद दाखवला. चष्मा न लावताच म्हणाले, "एवढं कशाला लिवलास? आम्ही रात्री बॅटरी काढून आत न्यायचो. बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, पलीकडं ठेवायची. बॅटरी आमच्यासंगट झोपायची."

दोन दिवस वाचून जे कळलं ते यांना पंचवीस वर्षांपूर्वी ड्रायव्हरानं शिकवलेलं.

तर तसंच करायचं. फक्त काढायची नाही, जागेवरच अंथरूण-पांघरूण द्यायचं. ज्याला थंडी सोसत नाही ते पेटीत, पेटी केबिनमध्ये. ज्याला सोसतं ते बाहेर.

पेटीत: सेल्फसाठी एक सीलबंद लेड बॅटरी, मागच्या केबिनसाठी १०० आहची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि पेटीची ऊब सांभाळणारा कंट्रोलर. मधे पार्टिशन. लेडवालीची व्हेंट नळी केबिनबाहेर काढायची, गॅस माणसांत नको. बाहेर, इंजिनाजवळ: सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एका दमात सोडणारे डबे. ते मायनस ४० पर्यंत काम करतात.

लिथियमबद्दल भाच्यानं बजावलंय, कंट्रोलरचा प्रोग्रॅम तोच लिहितो. शून्याखाली तिला चार्ज द्यायचाच नाही. आयन ग्रॅफाइटच्या आत शिरत नाहीत, वरच धातू होऊन साचतात. बाहेरून काही दिसत नाही, बॅटरी मुकाट्यानं मरते, आणि नशीब वाईट असेल तर आत शॉर्ट होते. ५ अंशाखाली चार्जिंग बंद, ५ ते १० मध्ये निम्मा करंट, असं ठरलं.

४ सप्टेंबर

आइस्क्रीमवाल्या अण्णांकडं गेलो. त्यांचं कोल्ड स्टोअर मायनस २२ वर चालतं. आठवड्यातून दोन रात्री पेटी आत ठेवायला मागितली. "आयतु (झालं)," म्हणाले, "पण वास नको, आणि माझ्या पोरांना शॉक नको." वर त्यांच्या जुन्या खोलीचे काढून टाकलेले पफ पॅनल (थंडी अडवणाऱ्या फोमचे पत्रे) मागं पडले होते, ५० मिलिमीटरचे. तेही दिले. पैसे घेईनात. दिवाळीला कुंदा पोचवायचा, विसरायचं नाही.

पेटीचं माप ८० × ४५ × ४० सेंटिमीटर. कागदावरचा हिशेब: आत ८ अंश, बाहेर मायनस २२, म्हणजे ३० अंशांचा फरक. ५० मिमी पफमधून २१-२२ वॉट गळायला पाहिजेत. दिव्याच्या एका छोट्या बल्बाएवढं. भाचा खूश, मी नाही. कागदावर सगळ्या पेट्या उबदार असतात.

१२ सप्टेंबर

कपॅसिटर आले. २.७ व्होल्टचे ३००० फॅरडचे सहा, सिरीजमध्ये ५०० फॅरड, १६.२ व्होल्ट. १४ वरून १० व्होल्टपर्यंत उतरताना २४ किलोज्यूल देतात. तीन सेकंदांचा एक सेल्फ ३०० अँपिअरनं ११ व्होल्टला धरला तर १० किलोज्यूल. म्हणजे दोन सेल्फ नुसत्या कपॅसिटरवर. बॅटरीनं त्यांना फक्त सावकाश भरायचं.

सावकाश. रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला लावणं म्हणजे बॅटरीवर पाना टाकण्यासारखंच आहे. मधे हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब घातला. आधी लख्ख पेटला, मग पिवळा, मग तांबूस, मग विझला. अर्ध्या तासाच्या वर लागला. शेडमधली पोरं देव्हाऱ्यासमोर बसावीत तशी बघत बसली होती. गाडीतही हाच बल्ब राहणार, डॅशबोर्डखाली. विझला की कळावं, भरला. मीटर लागत नाही, भाषा लागत नाही.

प्रत्येक सेलवर व्होल्टेज सारखं ठेवणारं बॅलन्सिंग कार्ड घातलंय. १४.४ ला प्रत्येकी २.४ येतात. पण कार्ड नसेल आणि एक सेल आळशी निघाला, तर त्याच्या वाटणीचं व्होल्टेज बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं.

१६ सप्टेंबर

पहिली रात्र कोल्ड स्टोअरमध्ये. पेटीत बॅटऱ्या, सिलिकॉनचे हीटिंग पॅड, प्रत्येक पॅडला ७० अंशांचा थर्मल फ्यूज, जास्त तापलं की तोडणारा. मी बायकोची शाल, भाच्यानं दोन स्वेटर. दर तासाला आत जाऊन आकडे घ्यायचे.

सरासरी ३८ वॉट. कागद २२ म्हणत होता.

झाकणाचा रबर कडक होऊन कोपऱ्यात फट पडली होती, तिथं हात लावला की गार झुळूक लागायची. ते एक. दुसरं पहाटे पाचला सापडलं. केबल पेटीत शिरते तिथं तांब्यावर दवाचे मणी गोठले होते, आणि आतल्या टर्मिनलला बोट लावलं तर बर्फ. पफची भिंत ५० मिमीची केली आणि तिच्यातून ७० स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या दोन सळया आरपार घातल्या! एक फुटाची असली एक केबल ३० अंशांच्या फरकाला तीनेक वॉट बाहेर नेते. बल्ब-फॅनवाली माणसं आम्ही. तांब्यातून वीज जाते एवढंच डोक्यात, ऊबही जाते हे सुचलंच नाही.

उपाय: केबल पेटीच्या आत भिंतीलगत मीटरभर फिरवून मग टर्मिनलला. झाकणाला सिलिकॉनचा रबर.

१९ ते २८ सप्टेंबर

गणपती. काम जवळपास नाही. विसर्जनाला रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी शेडवर झोपलो. मधे एक दिवस फक्त लग (केबलच्या टोकाला बसवायच्या तांब्याच्या टोप्या) दाबले.

लगांबद्दल लिहून ठेवतो. शेजारच्या हायड्रॉलिकवाल्याकडं प्रेस आहे. षटकोनी डाय घालून त्याच्यावर दाबले. आधी सोल्डर भरायची आपली सवय, ती इथं मोडली. सोल्डर जिथं संपतं तिथं तार ताठ होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. एक लग हॅकसॉनं मधोमध कापला, पॉलिश पेपर मारला. भिंगातून बघितलं तर तारा मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींत दाबलेल्या, मधे काळा ठिपका नाही. दुसरा लग आमच्या जुन्या हातपक्कडीचा कापला. त्यात तारा सुट्या गोल, मधे वाळूएवढी भोकं. त्या भोकांत पाणी जाणार, गोठणार, फुगणार. ती पक्कड भिंतीवर टांगून ठेवलीय, वापरायची नाही.

३० सप्टेंबर

दुसरी रात्र. सरासरी २९ वॉट. १२ तासांची रात्र धरली तर ३५० वॉट-तास. लिथियमचे १२८० आहेत, म्हणजे रात्री पाव बॅटरीहून थोडं जास्त नुसतं स्वतःला ऊब देण्यात जाणार. ठेकेदारांना फोनवर सांगितलं. "बॅटरीच बॅटरी खाती म्हणा की." हो. पण सकाळी उरलेली पाऊण बॅटरी पूर्ण ताकदीची असते.

इथपर्यंत सगळं छान. सकाळी सहाला पेटी बाहेर काढली, टेम्पोतून शेडवर आणली, टेबलावर ठेवून झाकण उघडलं. बाहेर ओल. मायनस २२ ची लोखंडी पेटी आणि बेळगावची पावसाळी हवा. बघता बघता पत्र्यावर दव, मग थेंब, मग ओघळ. पाच मिनिटांनी रिले टक-टक-टक करायला लागला, कुणीतरी घाईनं दार वाजवावं तसा. मग स्क्रीन गेली. कंट्रोलरच्या चिपच्या पायांखाली पाणी शिरलं होतं. भाचा हेअर ड्रायर शोधत पळाला, तोवर पाच व्होल्टचा ट्रॅक हिरवा पडला होता.

रात्रभर थंडीत जो बोर्ड हूं की चूं केला नाही, तो घरी आल्यावर मेला.

आधी वाटलं, लडाख कोरडं आहे, तिथं हे होणार नाही. मग सुचलं की केबिनमध्ये चार माणसं श्वास घेणार, स्टोव्हवर चहा उकळणार, ओले बूट वाळत घालणार. ती सगळी वाफ सर्वांत थंड जागा शोधून तिथं बसणार. तेव्हा बेळगावची ओल ही आपली परीक्षाच समजायची.

५ ऑक्टोबर

नवा बोर्ड. त्यावर कोटिंगचे दोन हात, कनेक्टर टेपनं झाकून. पेटीला पूर्ण सील केलेलं नाही. सील केलेल्या डब्यात गार-गरम होताना हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर पाणी. त्याऐवजी बुडाला पडद्याचं व्हेंट, ज्यातून हवा जाते, पाणी जात नाही. ग्रीस बदललं. नेहमीचं ग्रीस कोल्ड स्टोअरमध्ये साबणाची वडी झालं होतं.

९ ऑक्टोबर

मायनस २२ पुरे नाही असं भाचा म्हणत होता. मी टाळत होतो, कारण पुढचा मार्ग म्हणजे ड्राय आइस, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. शेवटी आणला. थर्मोकोलच्या मोठ्या खोक्यात, शेडबाहेर उघड्यावर. ड्राय आइस मायनस ७८ चा, आणि त्याचा गॅस बंद खोलीत माणसाला झोपवतो. खोक्यात छोटा पंखा आणि जाळी लावून मायनस ३५ पर्यंत धरता येतं.

कंट्रोलर, सेन्सर आणि वायरींचे तुकडे आत ठेवले. मायनस २५, हीटरचा दिवा चालू. मायनस २७, चालू. मायनस २८ ला हीटर बंद. स्क्रीनवर: "सेन्सर तुटला".

काढून बघितलं, सेन्सर धडधाकट. परत आत, परत मायनस २८ ला बंद. दोन तास वायर हलवण्यात गेले. मग भाच्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. हा सेन्सर म्हणजे १० हजार ओहमचा थर्मिस्टर, थंडीत त्याचा रेझिस्टन्स चढतो. मायनस २२ ला एक लाखाच्या वर, मायनस ३० ला पावणेदोन ते दोन लाख. त्यानं प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं: दीड लाखाच्या वर गेला तर वायर तुटली समज आणि सुरक्षेसाठी हीटर बंद कर.

म्हणजे सगळ्यांत जास्त थंडी पडली की पेटी हीटर बंद करणार होती. सुरक्षेसाठी!

अण्णांच्या खोलीत आम्ही वर्षभर चाचण्या घेतल्या असत्या तरी हे सापडलं नसतं. मर्यादा आता दहा लाखावर नेली. शिवाय दुसरा सेन्सर घातला. एकानं तुटलो म्हटलं आणि दुसरा म्हणतो थंडी आहे, तर हीटर चालू ठेवायचा, वर ७० चा थर्मल फ्यूज आहेच. भाचा म्हणाला, "मामा, हे कुणाला सांगू नका." वहीत लिहू नका असं म्हणाला नाही.

त्याच खोक्यातून वायरींचे तुकडे काढले. साधी पीव्हीसी वायर बोटाभोवती गुंडाळायला गेलो तर काडी मोडावी तसा आवाज झाला आणि लाल साल उडून माझ्या शर्टावर. आत तांबं तसंच चकचकीत. सिलिकॉनची वायर सुतळीसारखी वळली. पेटीबाहेरचं सगळं वायरिंग सिलिकॉनमध्ये करायचं ठरलं. खर्च वाढतोय. ठेकेदारांना त्यांचंच वाक्य आठवण करून दिलं.

१४ ऑक्टोबर

फिटिंग सुरू. घाईत दोन गोष्टी.

अल्टरनेटरवरून लिथियमला थेट जोड नाही, मधे डीसी-डीसी चार्जर, गाडीच्या विजेवरून लिथियमला बेतानं भरणारा. ३० अँपिअरचा आहे, २० वर बसवला. उंचावर हवा विरळ, पंखा फिरतो पण वारा लागत नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. बाहेर मायनस वीस आणि चार्जर आत तापून बंद, असंही होऊ शकतं.

दुसरं, गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल निसटलं तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. १२ व्होल्टच्या गाडीत शंभरापर्यंत जाऊ शकतं, मोजून सेकंदाचा काही भाग, पण तेवढ्यात कंट्रोलर राख. क्लॅम्प करणारे मोठे डायोड घातले. टर्मिनलला स्प्रिंग वॉशर आणि रंगाची रेघ, सुटलं की रेघ तुटलेली दिसावी. हे सुभेदार काकांचं.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

गाडी धुतली, झेंडूचा हार. हायड्रॉलिक प्रेस, मल्टीमीटर, ड्राय आइसचं खोकंसुद्धा पूजेत. भिंतीवर टांगलेल्या पक्कडीलाही कुणीतरी फूल वाहिलंय. राहू दे.

ठेकेदारांचा ड्रायव्हर आला, चंदगडकडचा पोरगा. त्याला बल्ब दाखवला, पेटी दाखवली. त्यानं एकच प्रश्न विचारला, "आणि डिझेल गोठलं तर?" बरोबर विचारलंस म्हटलं. आपल्याकडचं डिझेल तिकडं मेणासारखं होतं. इंडियन ऑईलचं हिवाळी डिझेल २०१९ पासून लडाखमध्ये मिळतं, ते मायनस ३३ पर्यंत वाहतं. त्याला सांगितलंय, वर चढताना टाकी पाव राहू दे, तिथं पोचल्यावर तेच भर आणि इंजिन थोडं चालव म्हणजे फिल्टर-पायपातलं जुनं जळून जाईल. केबिनच्या हीटरलाही तेच डिझेल. हीटरची बारीक नळी आधी गोठते, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

२७ ऑक्टोबर

गाडी पहाटे निघाली. पुणे रस्त्यानं वर. मी काकतीपर्यंत मागं मोटरसायकलवर गेलो, कशाला ते माहीत नाही. बिल अजून अर्धं बाकी.

११ नोव्हेंबर

कुंदा पोचवला. अण्णांनी आइस्क्रीम खायला घातलं. थंडीचं नाव नको झालंय, तरी खाल्लं.

१९ डिसेंबर

ड्रायव्हरचा फोटो आला, पेटीच्या स्क्रीनचा. बाहेर मायनस २१, आत ९. खाली आवाजी निरोप: "मेस्त्री, सेल्फ एका दमात घेतो. बल्ब विझला की चहा टाकतो." भाच्यानं तो निरोप सात वेळा ऐकला. सुभेदार काकांना ऐकवला, ते म्हणाले, "बुखारीजवळ ठेवली असती तरी घेतला असता."

२१ डिसेंबर

दुसरा फोटो. मागच्या दाराचा दिवा बंद. दार उघड-मीट करताना वायर बिजागरीपाशी तुटलीय, लाल साल उडालेली. दाराचं वायरिंग केबिन बांधणाऱ्यानं आधीच केलं होतं, ते तेवढं मी बदललं नव्हतं. चालतंय म्हणून सोडलं. वायर पीव्हीसीची आहे हे बघितलंही होतं.

दीड स्क्वेअरची सिलिकॉन वायर चार मीटर, सहा लग, हीट-श्रिंकची नळी बांधून ठेवलीय. ठेकेदारांचा माणूस सोमवारी श्रीनगरला विमानानं जातोय, त्याच्याबरोबर द्यायची. लग दाबायला त्यांच्याकडं पक्कड कुठली आहे ते विचारायचंय.